परीच्या कानातली नळी

थकलोय, तरी लिहितो. आज ताईसोबत बीडला गेलतो. भाची परी दोन वर्षांची, कान सारखा फुटतो. डॉक्टर म्हणाले, पडद्यामागं पाणी साचून ऐकू कमी येतंय. भूल देऊन नळी बसवू.

सोबत आलेल्या ताईच्या सासूबाई म्हणाल्या, "कानातून पाईप लोंबवत हिंडवायची का पोरगी?" डॉक्टरांनी दाखवली, तांदळाच्या दाण्याहून बारकी. तरी भुलीची भीती हायेच.

ताई मला म्हणाली, "कान टोचताना मांडीवर तूच घेतलंस. मामा हायेस, तूच सांग."

मी परीला घेऊन दवाखान्याबाहेर रस प्यायला रेंगाळलो. रसवंतीचे घुंगरू वाजायले, सगळी लेकरं वळली. परी पाठमोरी तशीच.

मी ताईला म्हणालो, "बसवू."

तुमच्या कुणाच्या लेकराला बसवलीय का? भुलीतून उठल्यावर लगेच ओळखतं का?