मोरीचं पाणी

शिवऱ्याच्या कुंडलिकनं परसात सिमेंटचे ब्लॉक बसवले आणि आपल्याच हातानं आईला घराबाहेर काढलं. हे त्याला कळायला चार महिने लागले. हायवेवर टायरचं दुकान चालवणारा शहाणासुरता माणूस, पण तेव्हा अक्कल कुठं गहाण ठेवली होती कोण जाणे!

त्याची आई बाळाबाई थेंबभर पाणी वाया घालवायची नाही. भांडी राखेनं घासायची, कारण मोरीचं पाणी चरातून केळींना जायचं. तांदळाचं धुवण कढीपत्त्याला, अंघोळीचं पाणी अळूला. दिवसातून चारदा खुरपं घेऊन ती चर मोकळा करायची. भाजी विकत आणायची तिला लाज वाटायची.

मग कुंडलिकच्या मुलीला, वैष्णवीला बघायला पाहुणे यायचं ठरलं आणि त्याला परसातल्या चिखलाची लाज वाटली. केळी उपटल्या, चर बुजवला, मोरीचा पाईप थेट गटारात सोडला.

“पानी वाया जाईल की रं,” आई म्हणाली.

“लई राबलीस. आता आराम कर.”

पाहुणे पोहे खाऊन ओसरीवरूनच गेले. परसात कुणी डोकावलंसुद्धा नाही.

आईनं मात्र आराम केला. दिवसभर ओट्यावर बसून राहायची, अर्धी भाकरी तशीच टाकायची. मग दोन दिवसांसाठी म्हणून मार्गासनीला थोरल्या लेकीकडे, अंबूबाईकडे गेली, ती परतलीच नाही. मुलगा असताना आई जावयाच्या दारात का, असं लोक तोंडावर विचारायला लागले.

शेवटी रविवारी दुकान बंद ठेवून कुंडलिक तिला आणायला गेला. आई अंबूबाईच्या मोरीमागं खुरप्यानं चर उकरत होती. चेहऱ्यावर तरतरी आली होती.

“चल घरी. चुकलं माझं. ब्लॉक उद्याच काढतो, केळी लावू परत.”

“लाव की,” ती शांतपणे म्हणाली. “पर मला न्हाई जमायचं आता. ही केळ व्यायला आलीया. हिला सोडून कुठं जाऊ?”

रागावली असती तर त्यानं पाय धरले असते. ती रागावलीच नव्हती. हात धुऊन तिनं लुगड्याला पुसले.

“उन्हाचा आलायस,” ती म्हणाली. “जेवून जा.”

घरी ती ‘जेवायला बस’ म्हणायची. जेवून जा, असं पाहुण्याला म्हणतात. कुंडलिक खाली मान घालून जेवला आणि एकटाच गाडीवर बसला.