सुतकातला शनिवार

वाचनालयातून उशीएवढी जाड कादंबरी आणली ती माझ्याच हौसेनं. ज्यूंच्या एका घराण्याच्या चार-पाच पिढ्या, त्यात नातवाला गेलेल्या आजोबांचंच नाव. कोण जिवंत आणि कोण गेलेला, हे बघायला मी पहिल्या पानावरच्या वंशावळीत बोट ठेवूनच वाचायची. दिवससुद्धा त्यांचा आदल्या संध्याकाळी सुरू होणार. आईची नजर गेल्यापासून तिला मोठ्यानं वाचून दाखवते, त्यामुळे गोंधळ दोघींचा.

शनिवारी त्यांच्याकडे चूल पेटत नाही, असं आलं. मी आईला सांगून टाकलं, "त्यांचाही शनिवार असतो, तुझ्यासारखा." चूल नाही म्हणजे उपास, यात विचारायचं काय?

"चांगली मानसं हायेत," आई म्हणाली. ती सिन्नरकडची. इतकी वर्षं नाशकात काढून तिची बोली हलली नाही.

आईचा शनिवार हा आमच्यातला जुना तंटा. भाऊ लहानपणी तापानं फणफणला, तेव्हा तिनं मारुतीला नवस बोलून तो धरला. भाऊ वाचला. पुढे ऐन पन्नाशीत तो गेला, आणि उपास राहिला. आता तो कोणासाठी, हे विचारायची माझी छाती झाली नाही. आईला शुगर आहे. मागच्या महिन्यात उपासाच्या दुपारी चक्कर येऊन ती मोरीत पडली. डॉक्टर रागावले, मी रागावले, तिनं कुणालाच दाद दिली नाही. एखाद्या शनिवारी ही पण जाईल, या भीतीनं माझा जीव टांगणीला लागलेला असायचा.

पुढच्या प्रकरणात माझी फजिती झाली. शुक्रवारी रांधून मंद विस्तवावर ठेवलेलं अन्न ती मंडळी शनिवारी पोटभर जेवत होती, वर गाणी म्हणत होती. त्या दिवशी उपास करायचाच नाही म्हणे.

"शिळासप्तमी हाय ती," आई म्हणाली. मग, "पन दर आठवड्याला?"

त्यानंतर त्यातल्या एका बाईचा तरणा मुलगा जातो. ती सुतकात जमिनीवर बसते. मधे शनिवार येतो, तशी उठते, चांगले कपडे घालते, सगळ्यांबरोबर जेवते, आणि अंधार पडल्यावर पुन्हा खाली बसते. मला काही उमजेना. दुःखाला कधी सुट्टी असते का? आपल्याकडे अशा बाईला लोकांनी जगू दिलं नसतं. मला तिचा राग आला, आणि हेवाही वाटला.

"वाच परत," आई म्हणाली. मी वाचलं.

"तिला कुनी बोललं नाय?"

"नाही. त्यांचा नियमच आहे तसा."

आईनं भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, झोपली.

शनिवारी सकाळी मी तिच्यासाठी भगर धूत होते. भिंत धरत धरत ती स्वयंपाकघरात आली.

"भाकर टाक," म्हणाली. "दोघींची."

मी लगेच भगर बाजूला सारून परात घेतली. न जाणो, विचार बदलायची. मेथीच्या भाजीशी अख्खी भाकरी तिनं सावकाश खाल्ली. समोर बसून मला हसावं की रडावं कळत नव्हतं.

मी तिच्या हातावर पाणी घातलं. हात पुसत ती म्हणाली, "अंधार पडला की सांग मला. परत बसायचं हाय."