ऑल्डरस्टोचा उत्तर दरवाजा आणि डोरीन गॅरड

नोंद असावी की, दिनांक १२ मार्च २०१९ रोजी आपल्या चर्च समितीने उत्तरेकडचा दरवाजा विटांनी बुजवून तेथे चहाचा ओटा बांधण्याचा ठराव संमत केला. मी सविस्तर विरोध नोंदवला. इतिवृत्तात त्या विरोधाचे वर्णन ‘किरकोळ चर्चा’ असे केले आहे. आयुष्यभर या तालुक्यातील मुलांना इतिहास शिकवल्याचे हे फळ.

माझे असो. प्रश्न डोरीनबाईंचा आहे.

आपल्या चर्चच्या गारगोट्यांच्या भिंती, नॉर्मनांच्या काळातला गोल मनोरा, जुन्या भित्तिचित्रात चुन्याखालून डोकावणारा बिनडोक्याचा संत, आणि बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाभोवतीचे झिजलेले सिंह, ज्यांना आपण पिढ्यान्‌पिढ्या मांजरे म्हणत आलो. यांपैकी एखादी गोष्ट शेजारच्या गावांतही सापडेल. पण बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला सोडून जाणाऱ्या सैतानासाठी उत्तरेचे दार आजही उघडणारे गाव या पंचक्रोशीत आपलेच. ते दार उघडण्याचा मान गॅरड घराण्याचा. साखर कारखान्याच्या खानावळीत नोकरी करीत असतानाही डोरीनबाईंनी एकही बाप्तिस्मा चुकवला नाही. नवऱ्याला पुरले त्याच आठवड्यात त्या पुन्हा दाराशी उभ्या होत्या. ओलीने फुगलेले ते ओकचे दार खांदा लावून किंचित उचलावे लागते, हे त्यांना वडिलांनी शिकवले.

“गावातल्या सगळ्यांचे सैतान मीच घालवलेत,” त्या मला एकदा म्हणाल्या. “तुमचा तेवढा उंबऱ्यात अडकला होता, मास्तर. अजून थोडा आत असेल.”

मेच्या शेवटच्या रविवारी रुपर्ट हॅलम यांच्या नातीचा बाप्तिस्मा होता. ठराव मांडणारे विश्वस्त ते हेच. दार आता बुजवायचेच आहे म्हणून त्यांनी आदल्या दिवशीच त्यापुढे खुर्च्यांची चवड रचून ठेवली होती. डोरीनबाई ठेवणीतली निळी टोपी घालून आल्या, त्यांनी खुर्च्या पाहिल्या, आणि मागच्या बाकावर जाऊन बसल्या. त्यांना तिथे बसलेले मी प्रथमच पाहिले.

पाद्रीबाईंनी बाळाच्या डोक्यावर पाणी ओतले. बाळ रडले नाही. रडले म्हणजे सैतान निघाला, हे इथे कोणाला सांगावे लागत नाही. सगळ्यांच्या नजरा उत्तरेच्या दाराकडे वळल्या.

“बाबा, दार का बंद आहे?” बाळाची आई इमोजेन कुंडापाशी उभी राहून म्हणाली.

“अगं, जुन्या समजुती त्या. तिथे ओटा होणार आहे.”

“माझ्या वेळी उघडलं होतं ना?”

“हो, तेव्हा उघडलं होतं.”

“मग हिच्यातला तसाच ठेवायचा? चहासाठी?”

“त्यालाही एक कप द्या की!” मागून कोणीतरी ओरडले आणि हशा पिकला. इमोजेन मात्र हसली नाही. ओल्या डोक्याच्या बाळाला छातीशी धरून ती म्हणाली, “दार उघडल्याशिवाय मी इथून हलणार नाही.”

अखेर हॅलम यांनी स्वतःच खुर्च्या बाजूला केल्या आणि दाराला जोर लावला. ते तसूभरही हलले नाही. तेव्हा डोरीनबाई उठल्या.

“सरका साहेब, कोट फाटेल. हे खांद्याचं ऐकतं, हुद्द्याचं नाही.”

त्यांनी खांदा लावला, दार उचलले, ढकलले. थडग्यांमधल्या कापलेल्या गवताचा वास आणि गार वाऱ्याचा झोत एकदमच आत आला. बाळाने असा टाहो फोडला की मनोऱ्यातली कबुतरे उडाली.

“गेला बघ, पोरी,” डोरीनबाई म्हणाल्या, आणि त्यांनी दार लावून घेतले. लोकांनी चर्चमध्ये टाळ्या वाजवल्या. एरवी मला ते खपले नसते. त्या दिवशी मीही वाजवल्या.

हॅलम यांनी डोळे पुसून डोरीनबाईंचा हात हातात घेतला. ठराव मात्र मागे घेतला नाही.

चर्चपत्रिकेच्या या अंकाचे वाचक बहुतेक त्याच कुंडावर रडलेले आहेत. तुमच्यासाठी ते दार कोणी उघडले, हे तुम्हाला ठाऊक आहे. गुरुवारी, २० जूनला, संध्याकाळी सात वाजता शाळेच्या सभागृहात सभा आहे. तेथे या, आणि ठराव रद्द करण्यासाठी हात वर करा.