चुलीचा घास

अमळनेरबाहेर एका कापसाच्या जिनिंगवाल्या शेठच्या बंगल्यात आमची शाळा भरायची; मी तिथे शिकवायचो. त्याच घरची विधवा सून मुलींना शिवण शिकवायची. सगळे तिला अक्का म्हणत. पाचवीचा वर्ग म्हणजे तिचं जुनं स्वयंपाकघर. मधल्या सुट्टीत ती एकटीच तिथे जाई, काळ्या पडलेल्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा ठेवी आणि मगच जेवी.

"अक्का, आमच्यात बसा की," मी एकदा म्हटलं.

"आठे चूल व्हती, भाऊ. पहिला घास तिना."

पुढे प्रार्थनेला हॉल हवा म्हणून तो कोपरा भिंतीसकट पाडला. दुसऱ्या दिवशी अक्का शिक्षकांच्या खोलीत आली. मी खुशीत सरकून जागा केली. तिने डबा उघडला, तुकडा मोडला, हातात धरून खोलीभर पाहिलं आणि तुकडा तसाच आत ठेवून डब्याला झाकण लावलं.