जमावात एक दारुडा हवा

माझ्या नाटकात खलनायक नाही ही मोठी उणीव आहे, असं धारवाडच्या मळमड्डीतल्या तीन वजनदार गृहस्थांनी मला एका संध्याकाळी चहा पाजून समजावलं होतं. चहा चांगला होता. सल्ला मला तेव्हा पटला नाही आणि आजही पटत नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटच्या वर्षांतली ही गोष्ट. मी धारवाडात एका शाळेत मराठी शिकवत होते. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी एक एकांकिका व्हायची, आणि ती लिहिणारे गृहस्थ बदली होऊन बेळगावला गेल्यामुळे त्या वर्षी ती माझ्या गळ्यात पडली. "हलकंफुलकं काहीतरी लिहा की बाई," मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले. ते सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, मीही म्हणायची. मी मान डोलावली आणि घरी येऊन अजिबात हलकंफुलकं नसलेलं नाटक लिहिलं.

ते मला आजोळावरून सुचलं होतं. अळणावरजवळच्या त्या गावात पोरांना नाहीतर गुरांना रोग लागला की गाव वार पाळायचं. सलग पाच मंगळवार नांगर नाही, दळण नाही, आणि घरात चूल पेटवायची नाही. सगळ्यांनी घरांना कुलपं लावून शिवेबाहेर जायचं, तिथेच दगड मांडून रांधायचं, आणि दिवस मावळला की ताटं वाजवत, रोगाला हाकलत परत यायचं. आम्हा मुलांची चंगळ असायची. एकच गोष्ट मला आवडायची नाही. जेवताना मोठी माणसं सारखी गावाकडे वळून बघायची. कुणाच्या छपरातून धूर निघतोय का, ते बघायची. एका घरानं चूल पेटवली की सगळ्या गावाचं पाळणं वाया गेलं, आणि उद्या कुणाचं पोर दगावलं तर ते त्या घरामुळे, असं सगळे धरून चालायचे. मी असताना धूर कधी निघाला नाही. पण निघाला असता तर, हा प्रश्न माझ्या डोक्यात वर्षानुवर्षं ठाण मांडून बसला होता.

नाटकात मी धूर काढला. पाचव्या मंगळवारी एक बाई तापानं फणफणलेल्या बाळासाठी पेज करायला गुपचूप घरी परतते. शिवेवरून धूर दिसतो. गाव ताटं वाजवत निघतं, रोग हाकलायलाच निघतं, आणि तिच्या दारात पोचेपर्यंत त्यांच्या हातांत दगड आलेले असतात. बाई मरते. कुणी पुढारी नाही, कुणी चिथावणारा नाही. सगळी चांगली, घाबरलेली माणसं.

तालमी शाळेच्या हॉलमध्ये सुरू झाल्या. गावकरी म्हणजे आमचेच लोक: मास्तर, बँकेतले कारकून, एक पोस्टमास्तर. दगड म्हणून जुन्या लुगड्यांच्या चिंध्यांचे बोळे केले होते. पहिल्या दिवशी हा जमाव रेशनच्या रांगेसारखा उभा राहिला. पोस्टमास्तरांनी गुडघ्यांसाठी खुर्ची मागितली. मग मी प्रत्येकाच्या हातात ताट दिलं आणि सगळ्यांना मिळून एकच वाक्य दिलं, "वार मोडला." ताटाच्या ठेक्यावर ते म्हणत पुढे यायचं, बस्स. काही दिवसांतच त्यांच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. शाळेत उशिरा येणारे मास्तर तालमीला वेळेआधी हजर. पोस्टमास्तर गुडघे विसरून सर्वांच्या पुढे धावायला लागले. घरी जातानाही माणसं तोंडानं तो ठेका धरून जायची. मला आनंद व्हायचा आणि धास्तीही वाटायची.

त्या बाईचं काम धारवाडातच, सप्तापुरात खोली घेऊन शिकणारी एक मुलगी करत होती. एकदा ती कुरकुरत माझ्याकडे आली. "बाई, मी हात जोडते तेव्हा एकजणही माझ्याकडे बघत नाही. सगळे शेजारच्याकडे बघत असतात. मी बोलू कुणाशी?"

"बघू देत," मी म्हणाले. "तू तशीच बोल."

अशातच तो चहा झाला. अण्णा, एक वकीलसाहेब आणि मंडळाचे अध्यक्ष, असे तिघे. तालीम बघून ते अस्वस्थ झाले होते. अण्णांनी सुरुवात केली. "बाई, लिहिलंय छान. पण सुम्ने, उगाच आपला, एक दारुडा घाला की. पहिला दगड तो मारंल. मग बाकीचे भरीला पडले, असं होईल."

"का पण?"

"आपली माणसं अशी नसतात हो," वकीलसाहेब म्हणाले.

"मग कुणाची असतात?"

त्या वर्षांत हुबळीत अधूनमधून कर्फ्यू लागायचा, आणि तिथे दुकानं फोडणारी माणसं काही आभाळातून पडत नव्हती. आम्ही चौघंही ते जाणून होतो. तरी अध्यक्ष म्हणाले की दारुडा नसेल तर नाटकच नको, गेल्या वर्षीचं विनोदी पुन्हा करू. माझी कानशिलं तापली. एक दारुडा घातला की मांडवातला प्रत्येकजण 'मी तर पीत नाही' म्हणत घरी जाऊन शांत झोपणार होता. त्यांना तेवढंच हवं होतं, आणि तेवढंच मी देणार नव्हते.

"मी एक शब्दही लिहून देणार नाही," मी म्हणाले. "दारुडा हवाच असेल तर अण्णा, तुम्ही व्हा."

मी टोमणा मारला होता. अण्णांनी तो मनावर घेतला. त्याचं कारण मला नंतर कळलं: त्यांनी जमावातल्या प्रत्येकाला विचारून पाहिलं होतं, आणि एकटं पुढे येऊन दगड मारायला कुणीच तयार नव्हतं. म्हणून प्रयोगाच्या दिवशी अण्णा स्वतः डोक्याला पंचा गुंडाळून, झोकांड्या खात आले. त्यांनी शिवी द्यायची, पहिला बोळा फेकायचा आणि मग बाकीच्यांनी, असं त्यांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. मी विंगेत उभी होते. माझं नाटक डोळ्यांदेखत बाटणार म्हणून मी रडायच्या बेतात होते.

ताटं वाजायला लागली. "वार मोडला, वार मोडला." समोर पहिल्या रांगेत वकीलसाहेबांची बोटं खुर्चीच्या हातावर तोच ठेका धरत होती. मुलीनं हात जोडले. अण्णा पुढे आले, त्यांनी हात उगारला, शिवी द्यायला तोंड उघडलं.

जमाव त्यांच्यासाठी थांबलाच नाही. इतक्या तालमींची सवय. ठेका त्या जागी आला आणि बोळे सुटले, सगळे एकदम. अण्णांची शिवी त्या गलक्यात कुणाला ऐकूही गेली नाही. मुलगी पडली. अण्णा तिथेच उभे राहिले, हात वर, मुठीत बोळा तसाच. क्षणभर त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि मग त्यांनीही तो पडलेल्या मुलीच्या अंगावर फेकला.

पडदा पडल्यावर मी तडक त्यांच्यापुढे गेले. भांडायची पुरी तयारी होती माझी. ते पंच्यानं तोंड पुसत होते.

"ती पडलीच होती, अण्णा. आता कशाला मारलात?"

"सगळ्यांनी मारलं की हो," ते म्हणाले. "मी एकटाच हातात धरून उभा राहिलो असतो, तर कसं दिसलं असतं?"

हे ते खऱ्या आवाजात बोलले, दारुड्याच्या नाही. आपलं बोलणं त्यांनीही ऐकलं. पंचा हातात तसाच राहिला. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण मला भीती वाटली, त्यांची आणि माझीही.

दोनच दिवसांनी हुबळीत गोकुळ रोडवरच्या एका कारखान्याच्या गणपतीत आमचा दुसरा प्रयोग होता. तिथे दारुडा ठेवायचा का, असं मी त्यांना विचारलं.

"काढा," अण्णा खाली बघत म्हणाले. "त्याच्यावाचून काही अडत नाही."