गुइह्वाचं गाढव आणि चार बॅटऱ्या

लान गुइह्वाचं वय सत्तावन्न. उंची बेताची, आणि आवाज असा की नदीच्या या काठावरून हाक मारली तर त्या काठावरचं कुत्रं उठून बसावं. नान्निंग शहरात सोळा वर्षं ती एकच काम करत आली होती. तांदळाच्या ओल्या शेवयांच्या कारखान्यातून पहाटे माल उचलायचा आणि पुलापलीकडच्या आठ खानावळींना पोचवायचा. तिथल्या माणसाला सकाळी उठल्यावर गरम रश्शात बुडवलेल्या शेवया लागतात. त्या पोटात गेल्याशिवाय दिवस सुरू झाला असं कुणी धरत नाही. पण या शेवया फार नाजूक. चारला निघतात, आणि उशीर झाला की चिकटतात, दुपारपर्यंत आंबतात. साडेसहाच्या आत पोचल्या तर पोचल्या.

नवरा वारल्यापासून तिच्या घरात बोलायला कुणी नव्हतं, पण फेरीवर होतं. एका खानावळीत सुनेचं गाऱ्हाणं ऐकायचं, दुसरीत गुडघ्याचं, तिसरीत फुकटचा चहा प्यायचा. सात वाजेपर्यंत तिला आठ घरच्या बातम्या ठाऊक असायच्या. हे सगळं ती करायची ते गाढवाच्या पाठीवरून. गाढव म्हणजे विजेची दुचाकी. शहरात लाखो आहेत आणि सगळे त्यांना गाढवच म्हणतात. गुइह्वाचं गाढव निळं होतं, मागे लोखंडी चौकट, तिच्यावर सहा क्रेट.

गेल्या शरदात, चंद्राचा सण झाल्यावर, गाढवाच्या बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या. सीटखाली चार काळे डबे असतात, ते चारही बदलायचे होते. नेमकं त्याच आठवड्यात नोंग देशंगने मोठ्या रस्त्यावर विजेच्या दुचाकींचं नवीन दुकान उघडलं. देशंग तिच्याच नालिन गावचा. तो रांगता होता तेव्हा तिने त्याचं नाक पुसलेलं. मग दुसरीकडे जायचा प्रश्नच कुठे होता?

उद्घाटनाला फटाके वाजले, गावचे वीस-पंचवीस लोक जमले आणि पहिलं गिऱ्हाईक होण्याचा मान गुइह्वाला मिळाला. पहिल्या गिऱ्हाइकाने पैसे लाल पाकिटात घालून द्यायचे, दुकानदाराने ते समोर मोजायचे नाहीत, आणि कागद तर मुळीच करायचा नाही. पहिल्याच दिवशी गॅरंटीचा कागद लिहिणं म्हणजे माल बिघडणार असं स्वतःच्या तोंडाने म्हणणं. कोण असा अपशकुन करील? जुने चार डबे देशंगने ठेवून घेतले, नवे चार बसवले.

"वर्षभर बघायला नको, ताई," तो म्हणाला. "माझा शब्द हाच कागद."

दोन महिने शब्द टिकला. मग डिसेंबरात एका पहाटे पुलाच्या चढावर गाढवाने मान टाकली. मूठ पिळली तर चाक हूं म्हणेना. गुइह्वाने उतरून ढकललं. सहा क्रेट शेवया आणि गाडी चढावर ढकलणं वाटतं तितकं सोपं नसतं. उतारावर गाडी आपोआप गेली आणि खाली पोचल्यावर पुन्हा चालूही झाली, जसं काही झालंच नाही.

देशंगने सीट उघडली, चार डब्यांना मीटर लावला आणि एक बाजूला काढला.

"हा एक दमलाय. दुसरा टाकतो. पैसे नाही घेत, काय समजलीस!"

त्याने फळीवरचा एक डबा बसवला. पंधरा दिवसांनी दुसरा दमला, तोही बदलला. नववर्षाच्या सुट्टीनंतर तिसरा. डबे बदलत राहिले आणि गाढव पुलावर बसत राहिलं. पालखीला चार भोई असतात. एक लंगडा निघाला म्हणून त्याच्या जागी दुसरा लंगडा आणला तर चांगल्यांचे पायही त्याच्यासोबत मोडतात. हे गुइह्वाला कुणी शिकवलं नव्हतं. रोज पूल ढकलून तिला कळलं.

"देशंग, परत बसलं रे."

"ताई, तू ओझं किती घालतेस! गाढव आहे ते, हत्ती नाही."

"सहा क्रेट. सोळा वर्षं सहाच आहेत."

"थंडीत बॅटरीसुद्धा आळसावते."

"मग उन्हाळा येईपर्यंत लोकांनी उपाशी राहायचं का? चारही बदल एकदम."

"चारही?" देशंग हसला, पण हसण्यात मजा नव्हती. "जो बिघडतो तो मी बदलतोय ना फुकट? शहरातला कुठला दुकानदार करतो एवढं? घरचा आहे म्हणून डोक्यावर बसतेस होय!"

गुइह्वाने गाढव दुकानाबाहेर काढलं. तिसऱ्या चांद्रमहिन्याच्या तिसऱ्या दिवशी सगळं गाव थडग्यांवर माती घालायला आणि रंगीत भात वाढायला नालिनला जातं, आणि शहरातली मंडळी जातात ती देशंगच्या गाडीतून. गुइह्वाचा नवरा तिथेच निजलेला. अशा माणसाशी भांडण काढायचं तरी कसं?

पण कारखान्याच्या वेइ मालकीणबाईंना थडग्यांशी कर्तव्य नव्हतं. मार्चच्या सुरुवातीला त्यांनी गुइह्वाला शेगडीजवळ बोलावलं.

"ताई, तीन खानावळींचे फोन आलेत. शेवयांचा गोळा होऊन येतो म्हणतात. या महिन्यात आणखी एकदा उशीर झाला की पुलापलीकडची फेरी मी टेम्पोवाल्याला देणार. त्याच्याशी बोलणं झालंय."

"आणि मी?"

"तुम्ही आत बसून पिशव्या भरा. सावलीत काम, पगार तोच. या वयात बरंच की!"

पगार तोच होता. पण सकाळभर भिंतीकडे तोंड करून पिशव्या भरायच्या म्हणजे गुइह्वाच्या जिभेला आणि पायांना एकदमच कुलूप. दुसरीकडून नवा सेट घ्यायचा तर दीड महिन्याची कमाई जाणार, आणि एकदा दिलेले पैसे पुन्हा द्यायचे हे तिच्या डोक्यात शिरत नव्हतं.

पंधरा मार्चला चौकात सरकारी तंबू लागतात. ग्राहक दिन असतो. खोटा मध कसा ओळखायचा, मापात कसं मारतात, ते दाखवतात आणि कापडी पिशवी फुकट वाटतात. गुइह्वा दर वर्षी पिशवीसाठी जायची. या वर्षी पिशवी घेतली आणि तिथेच उभी राहिली. टेबलामागे लुओ नावाची चष्मेवाली तरुण बाई होती.

"बोला आजी."

गुइह्वाने सगळं सांगितलं. अर्धा तंबू ऐकत होता, कारण तिचा आवाज.

"पावती आहे?"

"नाही."

"गॅरंटी कार्ड?"

"नाही."

"बरं, मोबाइलवरून पैसे दिले असतील. त्याची नोंद चालेल."

"लाल पाकिटात दिले."

लुओबाईंनी पेन खाली ठेवलं. "आजी, आता कोथिंबिरीची जुडीसुद्धा लोक मोबाइलवर घेतात!"

"अगं पोरी, उद्घाटन होतं! पहिलं गिऱ्हाईक होते मी. पावती मागितली असती तर त्याच्या बायकोने फटाके माझ्यावर सोडले असते."

लुओबाईंना हसू आलं. त्यांची आजीही अशाच गावची असावी. "हे कुणी पाहिलं?"

"अख्ख्या नालिन गावाने."

"ते साक्ष देतील?"

"त्याच्या गाडीत बसून गावी जातात ते. साक्ष दिली तर चालत जावं लागेल."

"फोटो तरी? उद्घाटनाला कुणी काढला असेलच."

गुइह्वाने मोबाइल त्यांच्या हातात दिला. वाचायचं म्हणजे तिला आकडे आणि थोडी दुकानांची नावं. गावच्या ग्रुपवर ती नुसती बोलायची. लुओबाईंनी बोटाने मागे मागे जात ऑक्टोबर गाठला, आणि थांबल्या. देशंगनेच फोटो टाकला होता. निळं गाढव, सीट उघडी, चार चकचकीत डबे, शेजारी लाल पाकीट धरून गुइह्वा. खाली त्याने लिहिलेलं त्यांनी मोठ्याने वाचलं, "आमचं पहिलं गिऱ्हाईक! नवा सेट, वर्षभराची गॅरंटी!"

"आजी, ही पावतीच आहे. त्याच्याच हाताची," लुओबाई म्हणाल्या. "आणि घेऊन सहा महिने झाले नाहीत. अशात माल बरा होता हे त्याने सिद्ध करायचं असतं. तुम्ही नाही."

त्या संध्याकाळी गावच्या ग्रुपवर आवाजी निरोप सुरू झाले. गुइह्वा सरकारी माणसं आणतेय म्हणे! आपल्याच गावच्या पोरावर? एवढ्याशा डब्यांसाठी? गुइह्वाने सगळे ऐकले, पायावर गरम पाणी ओतून घेतलं आणि मग एकच वाक्य बोलून पाठवलं.

"पोरगा गावचा आहे, बॅटरी गावची नाही."

सोमवारी लुओबाई फॉर्म घेऊन दुकानात आल्या. देशंगने त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, गुइह्वाला काहीच दिलं नाही. मग गाढव मधल्या स्टँडवर उभं केलं आणि मूठ पिळली. चाक हवेत गरगरलं.

"बघा मॅडम! मीटरही पूर्ण भरलेला. ताईचं आता वय झालं, ढकलायची सवय लागलीय तिला."

"हवेत फिरायला चाकाला काय लागतं?" गुइह्वा म्हणाली. "खाली रस्ता नाही, मागे माल नाही. तू बस. सहा क्रेट बांध आणि पूल चढून दाखव. चढलास तर इथे सगळ्यांसमोर कान धरते."

"मी कशाला? हे काय नियमात आहे?"

लुओबाईंनी फॉर्म पाहिला. त्यात 'पाहणी' असा एक रकाना होता. पूल त्यात बसत होता.

"मी तुझ्यापेक्षा जाड आहे, ताई. माझ्या वजनाने..."

"मग दोन क्रेट कमी कर."

ओझ्यासाठी देशंग जुन्या बॅटऱ्या भरायला निघाला. गुइह्वाने अडवलं. "तुझ्या बॅटऱ्या नकोत, वाटेतच मरायच्या." शेजारच्या दुकानातून पाण्याच्या बाटल्या आणल्या, चार क्रेट भरले. देशंग पुढे निघाला, मागून लुओबाई आपल्या गाढवावर, त्यांच्यामागे गुइह्वा दुकानातल्या एका गाडीवर.

सपाटीवर तो राजासारखा गेला. चढ लागला तसा वेग उतरला. पुलाच्या तिसऱ्या दिव्याशी गाढव डुलायला लागलं, चौथ्याशी थांबलं. देशंगने मूठ पिळली, पुन्हा पिळली, मग घड्याळाकडे बघितल्यासारखं केलं. घड्याळ त्याने घातलेलं नव्हतं.

"ढकल आता," गुइह्वा म्हणाली.

दोन्ही बाजूंनी गाढवांचा लोंढा चाललेला. त्यातलं एक गिऱ्हाईक ओरडून गेलं, "नोंगशेठ, व्यायाम का?"

पुलाच्या माथ्यावर पोचेपर्यंत देशंगचा शर्ट पाठीला चिकटला होता. तो कठड्याला टेकला.

"मॅडम, मी काय हे डबे घरी बनवतो? व्यापारी पाठवतो. बदलायला दिलेले तर दुसऱ्या गिऱ्हाइकांकडून परत आलेले जुनेच असणार, पुन्हा पाणी भरून पाठवलेले. मला शंका होती. पण तो म्हणायचा, चालतील."

"विकले कुणी?" लुओबाईंनी विचारलं.

"मी."

"मग बदलून तुम्ही द्यायचे. व्यापाऱ्याची मानगूट नंतर तुम्ही धरा. आणि एकेक नाही, पूर्ण सेट."

देशंगने गुइह्वाकडे पाहिलं. "रोज ढकलायचीस?"

"आठवड्यातून तीनदा. सहा क्रेट."

देशंगने गाडी दुकानाकडे वळवली.

दुकानात नवं खोकं तिच्यासमोर फोडलं. चार डब्यांच्या पाठीवरचे आकडे गुइह्वाने बोट ठेवून एकेक वाचले. तारीख चारही डब्यांवर एकच होती. मग तिने हात पुढे केला. देशंगने पावती लिहिली, त्यात ते आकडेही लिहिले आणि शिक्का असा आपटला की टेबलावरचा चहा सांडला.

"झालं समाधान?"

"शिक्का झाला. समाधान पुलावर."

लुओबाई गेल्यावर देशंग पान्हे आवरत, तिच्याकडे न बघता म्हणाला, "सणाला गाडीत जागा आहे तुला."

"मी बसने जाईन."

"जागा आहे म्हणतोय ना! मागच्या सीटवर. आणि वाटभर दात काढायचे नाहीत."

"राहिलेत किती?"

कारखान्यात वेइ मालकीणबाईंनी पावती उलटसुलट पाहिली, जसे काही तिचे पैसे त्यांनाच फेडायचे होते, आणि टेम्पोवाल्याला फोन करून सांगितलं की तूर्त नको. तूर्त या शब्दावर त्यांनी जोर दिला. गुइह्वाने तो ऐकला आणि क्रेट बांधायला घेतले.

मंगळवारी पहाटे धुकं होतं. गाढव सहा क्रेट घेऊन चढाला लागलं. तिसरा दिवा मागे गेला, चौथा गेला, मग तिने मोजायचं सोडलं. पहिल्या खानावळीशी ती पोचली तेव्हा शटर अर्धंच वर होतं आणि मालक तोंडात दातांचा ब्रश घेऊन उभा होता.

"आज इतक्या लवकर? घरातून हाकललं की काय?"

"तोंड धू आधी," गुइह्वा म्हणाली. "आणि माल उतरवून घे. अजून सात दुकानं आहेत मला."