कपाळावरचा शिक्का

मस्तगडात व्हिसाचे अर्ज भरून देणारे एक काका आहेत. त्यांनी स्वतःचा पासपोर्ट अजून काढलेला नाही. परदेशाचे नियम मात्र आपणच केल्यासारखे सांगतात. झेरॉक्सवर त्यांची अपार श्रद्धा. मी चित्रकार असल्याचा पुरावा म्हणून त्यांनी माझ्या रंगीत चित्राची काळी-पांढरी झेरॉक्स अर्जाला जोडली. मूळ चित्र परत देत म्हणाले, "हे घरी ठेवा, याचं काही काम न्हाई."

काल त्यांच्या दुकानात त्यांना एका विनोदी सिनेमाची गोष्ट सांगितली. परदेशात अडकलेल्या चित्रकाराला व्हिसाच्या रांगेत इतके दिवस ताटकळावं लागतं की उभ्याउभ्या झाडासारखी पालवी फुटते आणि शेवटी साहेब त्याच्या कपाळावरच 'नामंजूर'चा शिक्का मारतो. दुकानातले सगळे हसले. काकांनी मात्र काळजीनं विचारलं, "मंग त्यानं कपाळाची झेरॉक्स काढून घेतली का न्हाई?"